मनाचा आजार आणि मनाची संमती

आपल्या भाषेत काही गावांच्या नावांना, त्या गावांचा काही अपराध नसताना, एक विचित्र अर्थ चिकटून बसला आहे. मुंबईकडील घरांत कोणी विसंगत बोलू लागला की ‘ह्याला आता ठाण्याला पाठवा’ असे म्हणतात. पुण्याकडे तोच मान येरवड्याला मिळतो. आणि येरवड्याच्या बाबतीत बोलणाऱ्याच्या मनात तुरुंग आहे की रुग्णालय, हे प्रसंगावरूनच ओळखावे लागते. ही थट्टा निर्विष आहे असे आपण समजून चालतो. परंतु ज्या घरात खरोखरीच कोणाचे मन आजारी पडले आहे, व ‘काही दिवस रुग्णालयात राहावे लागेल’ असे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्या घरात ह्या शब्दांतील विष एकदम जाणवू लागते. हृदयविकाराच्या रोग्यास असा सल्ला मिळाला तर तासाभरात पिशवी भरली जाते व शेजारी रिक्षा आणून उभी करतात. मनाच्या रोग्यास तोच सल्ला मिळाला तर काका-मामा जमतात, धाकट्या बहिणीच्या लग्नाचा विषय निघतो, कचेरीत रजेचे कारण काय सांगावयाचे ह्याचा खल होतो. ज्याला जावयाचे तो मात्र शेजारच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याला कोणी विचारीत नाही. अथवा त्याला एकट्यालाच विचारतात, आणि तो ‘नाही’ म्हणाला की सुटकेचा निःश्वास टाकून विषय मिटवितात.

उपचारासाठी आपले घर सोडून काही काळ अशा ठिकाणी जाऊन राहावे की नाही, हा निर्णय कोणी करावयाचा व कोणत्या कसोटीवर करावयाचा, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न दिसतो, आणि त्याचा अर्धा भाग तसा आहेही. रोग कोणता, त्याची तीव्रता किती, औषध कोणते, हे सांगणे वैद्याचेच काम होय. परंतु एका माणसाने आपल्या दिवसाची सूत्रे, आपल्या खोलीची कडी, आपल्या जेवणाची वेळ ही सारी काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावीत की नाही, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. तेथे स्वातंत्र्य, विश्वास व जबाबदारी ह्यांचा संबंध येतो, आणि म्हणून हा नीतीचाही प्रश्न ठरतो.

ह्यातील मूळ अडचण अशी आहे. इतर रोगांत शरीर बिघडलेले असते, पण निर्णय करणारे मन शाबूत असते. ज्या तराजूने तोलावयाचे तो तराजू खरा असतो. येथे तराजूच बिघडल्याचा संशय आहे. विषण्णतेने ग्रासलेल्या माणसास ‘रुग्णालयात गेल्याने तुला बरे वाटेल’ असे सांगितले, तर काहीच कधी बरे होणार नाही असे मानणे हेच त्याच्या रोगाचे लक्षण असल्यामुळे, त्याचा नकार हा त्याचा आहे की रोगाचा हे ठरविणे कठीण पडते. उलट, उन्मादाच्या भरात असलेल्या माणसास आपण पूर्वी कधी नव्हतो इतके निरोगी आहोत असे मनापासून वाटत असते. मग अशा मनाला विचारावयाचे तरी काय, असे म्हणणारे लोक सर्व काळी होते व आजही आहेत. त्यांचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की ज्याचे डोके ठिकाणावर नाही त्याच्या संमतीला किंमत नाही; निर्णय घरच्यांनी व डॉक्टरांनी करावा.

ह्याच्या नेमके उलट टोक म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांचे. आगरकरांच्या पिढीपासून महाराष्ट्रातील सुशिक्षितांना परिचित असलेला मिलचा १८५९ चा स्वातंत्र्यविषयक निबंध हा त्यांचा मुख्य आधार. माणसाच्या स्वतःच्या हितासाठी म्हणून देखील त्याच्यावर बळजबरी करण्याचा समाजास अधिकार नाही, हे मिलचे तत्त्व सर्वश्रुत आहे. परंतु त्याच निबंधात त्याने दिलेले एक उदाहरण त्याचे अनुयायी पुष्कळदा विसरतात. एक पूल धोक्याचा झाला आहे, एक मनुष्य त्यावर पाऊल टाकण्याच्या बेतात आहे, व त्याला सावध करण्यास वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढले तर त्याच्या स्वातंत्र्यावर खरा घाला पडत नाही, कारण स्वातंत्र्य म्हणजे इच्छेप्रमाणे वागणे, आणि नदीत पडण्याची त्याची इच्छा नाही. पूल धोक्याचा आहे हे त्याला ठाऊक असेल, तर मात्र त्याला इशारा देऊन थांबावे, असे मिल म्हणतो; आणि येथेही बालक, भ्रमिष्ट किंवा विचार करणे अशक्य व्हावे इतका क्षुब्ध झालेला मनुष्य ह्यांना तो अपवाद करतो. तात्पर्य, स्वातंत्र्याच्या ह्या कडव्या पुरस्कर्त्यालाही क्षणभर हात धरणे मान्य होते. त्याने ज्याचा विचार केला नाही तो प्रश्न पुढचा आहे: धरलेला हात सोडावयाचा केव्हा?

ही दोन्ही टोके एका समान गृहीतावर उभी आहेत असे मला वाटते. मन हे एकसंध आहे. ते शहाणे असेल तर सर्वस्वी शहाणे व बिघडले तर सर्वस्वी बिघडले, असे दोघेही धरून चालतात. अनुभव तसा नाही. शेजारी आपल्या चहात विष कालवितात असे मानणारा गृहस्थ आपल्या बँकेच्या पुस्तकातील चूक बिनचूक दाखवितो. अंथरुणातून उठण्याची शक्ती नसलेल्या बाईला मुलाच्या शाळेची फी कोणत्या तारखेस भरावयाची हे पाठ असते. रोग मनाचा एखादा भाग व्यापतो; कधी तो भाग मोठा असतो, कधी लहान; आज मोठा असतो, महिन्याने लहान होतो. म्हणून ‘हा निर्णय करण्यास समर्थ आहे काय?’ ह्या प्रश्नाला ‘कोणता निर्णय, आणि कोणत्या दिवशी?’ असा प्रतिप्रश्न करणे भाग आहे.

समाधानाची गोष्ट ही की आपल्या देशाच्या कायद्याने, उशिरा का होईना, हीच दृष्टी स्वीकारली आहे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, म्हणजे २०१७ च्या अधिनियमात, निर्णयक्षमतेची कसोटी साधी ठेवली आहे: सांगितलेली माहिती समजते काय, निर्णयाचे परिणाम काय होतील हे उमगते काय, व आपला निर्णय शब्दाने, खुणेने वा अन्य रीतीने कळविता येतो काय. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो निर्णय करण्यास असमर्थ ठरत नाही, असेही तो कायदा स्पष्ट सांगतो. आपल्या समाजात ह्या कलमाचे मोल विशेष आहे. येथे घरच्यांना न आवडणारे लग्न करू पाहणारी मुलगी, देवधर्म सोडलेला मुलगा, किंवा वडिलार्जित जमिनीची वाटणी मागणारी विधवा ह्यांना ‘डोक्यावर परिणाम झाला आहे’ असे म्हणण्याची रीत जुनी आहे. समाजाच्या नीतिकल्पनांशी एखाद्याचे जुळत नाही, हा मनोरुग्णतेचा पुरावा मानू नये, असेही ह्याच कायद्याने घालून दिले आहे.

रुग्णालयाच्या नावाने लोकांच्या अंगावर काटा उभा राहतो, ह्याला केवळ अज्ञान म्हणून चालणार नाही. त्या भीतीला इतिहास आहे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. ज्या काळात ती निघाली त्या काळी त्यांचे नाव ‘वेड्यांचे इस्पितळ’ असे होते व त्यांचा हेतू समाजाचे वेड्यांपासून रक्षण करणे हा प्रामुख्याने होता. १९१२ च्या ल्यूनसी कायद्यात दाखल करण्याचा सामान्य मार्ग मॅजिस्ट्रेटच्या हुकुमातून जाई. म्हणजे रोगी व आरोपी एकाच दाराने आत शिरत. हा कायदा आपण स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके तसाच चालविला. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १९९३ साली. सरकारी भिंतींबाहेरची स्थिती त्याहून बरी होती असे नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खाजगी निवासगृहास पहाटे आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेले २५ हून अधिक रुग्ण जागच्या जागी जळून मेले. त्यांना तेथे आणणारे त्यांचे शत्रू नव्हते. बरे व्हावे ह्या श्रद्धेने आप्तांनीच त्यांना तेथे ठेविले होते. मनोरुग्णास साखळीने बांधण्यास आता कायद्याने सर्वथा बंदी आहे; ती घालावी लागली ह्यावरूनच त्या भीतीचे मूळ कळून येते.

तथापि ह्याच इतिहासाची दुसरीही बाजू आहे. इंग्लंडात यॉर्क येथे विल्यम ट्यूक ह्या क्वेकर पंथाच्या गृहस्थाने १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी एक घर काढले. त्याला प्रचलित शब्द न वापरता ‘रिट्रीट’, म्हणजे विसाव्याचे स्थान, असे नाव दिले. तेथे बागेत काम करावे, एकत्र जेवावे, रुग्णांशी समंजस माणसाशी बोलावे तसे बोलावे, असा परिपाठ होता. गंमत अशी की ‘असायलम’ ह्या बदनाम झालेल्या शब्दाचाही मूळ अर्थ आश्रयस्थान असाच आहे. एकाच कल्पनेतून आश्रय व कोंडवाडा ही दोन्ही निपजली. कशामुळे कोणते होते, ह्याचे मार्मिक विवेचन अर्व्हिंग गॉफमन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९६१ च्या आपल्या ‘असायलम्स’ ह्या ग्रंथात केले आहे. झोपणे, काम करणे व विरंगुळा ही माणसाची तिन्ही क्षेत्रे एकाच छपराखाली व एकाच अधिकाराखाली आली, म्हणजे आत राहणाऱ्याच्या प्रत्येक कृतीचा अर्थ त्याच्या रोगावरूनच लावला जातो: तो तक्रार करतो तेही लक्षण, गप्प राहतो तेही लक्षण. तेव्हा भीती वाजवी आहे. पण तिचे खरे लक्ष्य ‘आत जाणे’ हे नसून ‘आत गेल्यावर आपला शब्द नाहीसा होणे’ हे आहे. हा फरक ध्यानात घेतला म्हणजे निर्णयाच्या कसोट्या आपोआप स्पष्ट होऊ लागतात.

पहिली गोष्ट ही की, मनाच्या आजारात बहुसंख्य रुग्णांना रुग्णालयात जाऊन राहण्याची गरज पडत नाही. साधारण तीव्रतेची विषण्णता, चिंतारोग, मनात पुनःपुन्हा तेच विचार येण्याचा विकार, ह्यांवर घरी राहून, ठरावीक दिवशी डॉक्टरांकडे वा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन उपचार घेता येतात, आणि शक्य असेल तोवर तेच इष्ट. कारण ज्या संसारात परत यावयाचे त्याची सवय त्यामुळे मोडत नाही. म्हणून ‘मी पुरेसा आजारी आहे काय?’ असे स्वतःस विचारण्यात फारसा अर्थ नाही. विचारावयाचे ते असे: ‘मला आज ज्याची गरज आहे, पण घरी मिळू शकत नाही, असे तेथे नेमके काय मिळणार आहे?’ ह्या प्रश्नाचे ठोस उत्तर देता आले तर जावे. ते देता येत नसेल तर अजून थांबावे, अथवा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

ठोस उत्तरे माझ्या समजुतीप्रमाणे चार प्रकारची असतात. पहिले, जीवाचे रक्षण. जगणे नको हा विचार जेव्हा नुसता विचार न राहता बेत होऊ लागतो, तेव्हा सतत सोबत व धोक्याच्या वस्तूंपासून दूर असलेली जागा हाच उपचाराचा आरंभ असतो. ही लाट चढते तशी उतरतेही. ती उतरेपर्यंतचे दिवस पार करणे एवढ्यासाठीच पुष्कळदा रुग्णालय हवे असते. दुसरे, देहधर्म तुटणे. कित्येक दिवस झोप नाही, अन्नपाणी बंद आहे, किंवा उन्मादाच्या भरात दागिने व जमिनीचे कागद वाटून टाकणे चालू आहे, अशा वेळी घरातली माणसे कितीही प्रेमळ असली तरी त्यांना रात्रंदिवस पहारा करता येत नाही. तिसरे, ज्या उपचारावर सतत लक्ष ठेवावे लागते तो उपचार. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर पहिल्या काही दिवसांत आकडी व भ्रम होऊन प्राण जाण्याचा संभव असतो; ‘घरात कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल’ हा आपल्याकडील सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणून घातक आहे. विजेचे उपचार हेही ह्याच सदरात येतात. चित्रपटांनी त्यांची धास्ती घातली असली तरी भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून ते करण्यास आता कायद्याने मनाई आहे.

चौथे उत्तर सांगण्यास संकोच वाटतो, पण ते सांगितले पाहिजे. काही वेळा घर हेच आजाराचे एक कारण असते. मारहाण, रोजचा अपमान, किंवा तितके उघड काही नसले तरी प्रत्येक उसाशाची चौकशी करणारे डोळे, ह्यांपासून काही आठवडे दूर राहणे हाच औषधाचा मोठा भाग ठरतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे विशेष दिसून येते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. त्यासारख्या केंद्रांत औषधाइतकाच उपयोग समदुःखी सोबत्यांचा होतो. आपण जे एकट्याचे पाप समजत होतो ते शेजारच्या खाटेवरील माणसानेही भोगले आहे हे कळणे, ही गोष्ट घरात, कितीही चांगल्या घरात, मिळणे शक्य नसते.

आता न जाण्याची, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर न पाठविण्याची, कारणे पाहू. शिक्षा म्हणून, धाक म्हणून, इस्टेटीचा प्रश्न सुटावा म्हणून, पाहुणे मुलगी पाहावयास येणार आहेत तोवर नजरेआड असावा म्हणून कोणासही रुग्णालयात ठेवणे हे अनीतीचे आहे, हे सांगावयास नकोच. कठीण प्रसंग निराळा आहे. वर्षानुवर्षे शुश्रूषा करून थकलेली आई किंवा पत्नी म्हणते, ‘मला आता होत नाही, थोडे दिवस तरी त्यांना कोठे ठेवा.’ ही मागणी आपल्याकडे स्वार्थ म्हणून गणली जाते, आणि म्हणूनच ती खऱ्या नावाने केली जात नाही. ‘त्यांच्याच भल्यासाठी’ असा मुलामा तिला द्यावा लागतो. मला वाटते, दोष थकव्यात नसून मुलाम्यात आहे. शुश्रूषा करणाऱ्यास विसाव्याचा हक्क आहे. पण तो हक्क आपला म्हणून मागितला तर त्याला मुदत घालता येते: पंधरा दिवस, महिना. रुग्णाच्या हिताचे नाव घेऊन मागितला म्हणजे त्याला मुदत राहत नाही, कारण दुसऱ्याचे हित कोठे संपते हे कोणालाच ठाऊक नसते. मनोरुग्णालयांतून बरे होऊनही वर्षानुवर्षे पडून राहिलेली जी माणसे आढळतात, ती कोणा क्रूर आप्तांनी एका दिवसात टाकलेली नसतात. ‘अजून थोडे दिवस’ ह्या शब्दांनी ती हळूहळू तेथे राहून गेलेली असतात. बरे झालेल्यांना असे ठेवून घेण्याबद्दल राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०२३ च्या जानेवारीत सरकारी मनोरुग्णालयांविषयी कडक शब्द काढले आहेत.

कायद्याने ह्या ‘अजून थोडे दिवस’ला वेसण घातली आहे. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेल्या प्रौढ रुग्णावर त्याच्या संमतीवाचून उपचार करता येत नाहीत, व त्याने घरी जातो म्हटले तर त्याला सोडावे लागते; फार तर प्रकृतीची तपासणी करण्यासाठी चोवीस तास थांबविता येते. ज्याला निर्णयासाठी मोठ्या आधाराची गरज आहे त्याला त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते. पण त्यासाठी दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासून तसे मत दिले पाहिजे, व मुदत तीस दिवसांची. त्यापुढे ठेवावयाचे तर पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. कागदावरील हे नियम प्रत्येक ठिकाणी सारख्याच निष्ठेने पाळले जातात असा माझा दावा नाही. पण जो नियम ठाऊक आहे तो मागता तरी येतो.

म्हणून दारात पाऊल ठेवण्यापूर्वी रुग्णाने अथवा त्याच्या विश्वासातील माणसाने काही साधे प्रश्न विचारावेत, आणि ते विचारण्यात उद्धटपणा आहे असे मानू नये. येथे मला कशासाठी ठेवीत आहात व काय साधले म्हणजे सोडाल? अंदाजे किती दिवस? घरच्यांशी बोलता येईल काय, ते केव्हा येऊ शकतील? औषधाचे नाव व त्याचे दुष्परिणाम मला सांगाल काय? दिवसभर करावयास काय आहे? खर्च किती, व विमा चालतो काय? ह्या प्रश्नांची शांतपणे उत्तरे देणारी जागा, तिच्या भिंतींचा रंग उडालेला असला तरी, चांगली. उत्तराऐवजी ‘तुम्ही काळजी करू नका, आमच्यावर सोपवा’ एवढेच ऐकू आले, तर संगमरवरी फरशीला भुलू नये. आणि शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: बाहेर पडल्यानंतर पहिल्या आठवड्यात मला कोण पाहील? मनोरुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे हा फार जोखमीचा काळ असतो, हे सर्वमान्य आहे. आतली शिस्त व सोबत एकाएकी सुटते आणि बाहेर तोच जुना दिवस वाट पाहत असतो. तेव्हा आत जाण्याचा बेत हा बाहेर येण्याच्या बेतासकटच करावा. आपल्याच देशात १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांना आवारात तंबू ठोकून सोबत राहू दिले होते. ह्याचे शहाणपण हेच की रुग्ण व घर ह्यांमधील धागा तुटू न देता उपचार व्हावेत.

परंतु ज्या वेळी निर्णय करावयाचा त्याच वेळी तराजू बिघडलेला असतो, ही आरंभीची अडचण अजून शिल्लक आहे. तिचे उत्तर मला एका जुन्या ग्रीक कथेत दिसते. ओडिसियसला सायरेन ह्या मोहिनी स्त्रियांचे गाणे ऐकावयाचे होते. ते ऐकणारा भान विसरून नाशास जातो हे त्याला ठाऊक होते. म्हणून भान शाबूत असतानाच त्याने आपल्या सोबत्यांना सांगितले, की मला डोलकाठीला बांधा, आणि मी सोडा म्हणालो तर अधिक घट्ट बांधा. येथे बांधणारे हात सोबत्यांचे होते, पण इच्छा त्याची होती. आपल्याकडेही स्वतःस बांधून घेणारा एक महापुरुष आहे, तो भीष्म. मात्र त्याच्या प्रतिज्ञेला शेवट नव्हता. ज्या कारणासाठी ती घेतली ते कारण नाहीसे झाले, खुद्द सत्यवतीने विनविले, तरी ती सुटली नाही, आणि अखेर तिने कुळाचा घात होऊ दिला. ओडिसियसचा दोर बेट मागे पडताच सुटला. स्वतःस बांधून घेणे हे स्वातंत्र्याविरुद्ध नाही; मात्र कशासाठी, कोणाच्या हातून व कोठवर, ही तीन बंधने त्या बंधनालाही हवीत.

२०१७ च्या कायद्याने नेमकी ही सोय केली आहे. कोणाही प्रौढ व्यक्तीस, मन ठिकाणावर असताना, आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो: पुढे कधी माझी निर्णयशक्ती ढळली तर माझ्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि माझ्या वतीने कोणी बोलावे. तो केव्हाही बदलता येतो. आपण मृत्युपत्र करण्यास कचरतो, त्याहूनही हे लिहिण्यास कचरू, कारण मरण सर्वांना आहे असे आपण मानतो व मनाचा आजार मात्र दुसऱ्यांना. परंतु ज्यांना तो एकदा येऊन गेला आहे, त्यांच्या दृष्टीने ह्याहून शहाणपणाचा कागद नाही. ‘मी तीन रात्री झोपलो नाही, पैसे उधळू लागलो, तर मी कितीही रागावलो तरी मला अमुक ठिकाणी न्या, अमुक औषध मला सोसत नाही, माझ्या भावापेक्षा माझ्या मैत्रिणीचे ऐका’ अशा चार ओळींनी पुढचे किती तरी कलह मिटतील. रागावलेला रुग्ण व त्याला नेणारे आप्त ह्यांच्यामध्ये त्या वेळी त्याचाच जुना शब्द उभा असेल.

एक आक्षेप राहतो. हे सारे ज्यांना वेळ आहे, पैसा आहे, शहाणे डॉक्टर हाताशी आहेत त्यांच्यासाठी झाले, असे कोणी म्हणेल, व ते पुष्कळ अंशी खरे आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या तपासणीत, निरनिराळ्या विकारांच्या शेकडा ७० ते ९२ रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले. जेथे तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नाही, तेथे ‘जावे की न जावे’ हा विचारच चैनीचा वाटतो, आणि रुग्णाला नरसोबाच्या वाडीला वा गाणगापूरला नेणारे कुटुंब मूर्ख नसून निरुपाय असते. परंतु म्हणूनच ह्या प्रश्नाची चर्चा उघड व्हावयास पाहिजे. ज्याची लाज वाटते त्याची मागणी कोणी करीत नाही. जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात मनोविकारांसाठी वीस खाटांचा चांगला वॉर्ड असावा अशी मागणी घेऊन मोर्चा निघाल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. दूरध्वनीवर १४४१६ ह्या क्रमांकाने ‘टेली-मानस’ची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे, निदान पहिला प्रश्न विचारण्यास आता गाव सोडावे लागत नाही.

माझ्या अध्यापनाच्या काळात विद्यार्थ्यांचे पालक ह्या विषयावर बोलावयास आले, तर बहुधा एकच प्रश्न शेवटी, उठता उठता विचारीत: ‘पण सर, हे कायमचे नावावर राहील ना?’ ह्या प्रश्नात त्यांचे प्रेम, भय व अडाणीपणा सर्व एकत्र असे. पूर्वी कधी रुग्णालयात राहिला होता, एवढ्यावरून आज कोणी मनोरुग्ण ठरत नाही, असे कायदा सांगतो. समाजाने ते मान्य करण्यास अजून वेळ लागेल. तोवर निदान घरातील माणसांनी तरी एवढे करावे: आजारी माणसाला खोलीबाहेर ठेवून त्याच्याविषयी सभा भरवू नये. तो ज्या भाषेत व जितके बोलू शकेल तितके त्याला बोलू द्यावे. जावयाचे ठरले तर कोठे, कशासाठी व केव्हापर्यंत हे त्याला खरे सांगावे. ‘फिरावयास जाऊ’ असे सांगून गाडीत बसवू नये. फसवून नेलेल्या माणसाची प्रकृती सुधारली तरी विश्वास सुधारत नाही, आणि मनाच्या आजारात विश्वास हेही एक औषधच आहे. आणि जे आज बरे आहेत त्यांनी, विशेषतः ज्यांनी ती वाट एकदा पाहिली आहे त्यांनी, बेट दूर आहे तोवरच आपला दोर कोणाच्या हाती द्यावयाचा हे ठरवून ठेवावे.